हिंसा रोखणारा कक्ष कुठे बसवायचा? ग्लासगोचं प्रकरण

पार्श्वभूमी

2004-05 या एका वर्षात स्कॉटलंडमध्ये 137 खून झाले. देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास, म्हणजे आजच्या नाशिक जिल्ह्यापेक्षाही कमी. यातला मोठा वाटा ग्लासगो आणि त्याच्या भोवतालच्या पश्चिम पट्ट्याचा होता. तिथल्या पोलिसांना पंचनामा करताना पुन्हा पुन्हा तेच चित्र दिसायचं. मारणारा तरुण, मेलेलाही तरुण, दोघं जवळजवळच्या वस्त्यांतले, बहुतेक वेळा दोघंही प्यायलेले, आणि हत्यार म्हणजे घरातून निघताना खिशात टाकलेला चाकू.

ग्लासगोतल्या टोळ्या जुन्या आहेत. वस्तरे घेऊन हाणामाऱ्या करणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त करायला 1931 मध्ये पर्सी सिलिटो यांना तिथे पोलीसप्रमुख म्हणून आणलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरातल्या कोंदट चाळी पाडल्या आणि लोकांना ईस्टरहाउस, ड्रमचॅपल, कासलमिल्क अशा शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत हलवलं. घरं मिळाली, पण दुकानं, करमणुकीच्या जागा, कामधंदे मागाहून यायचे होते आणि त्यातलं बरंचसं आलंच नाही. पुढे जहाजबांधणी आणि अवजड उद्योगही डबघाईला आले. या वसाहतींतल्या पोरांच्या आपापल्या टोळ्या होत्या, त्यांना नावं होती, हद्दी ठरलेल्या होत्या. पोलिसांच्या हिशेबात एकट्या शहरात अशा सुमारे 170 टोळ्या निघाल्या.

मुंबईतल्या गँगमागे खंडणीचा, जमिनीचा, धंद्याचा जो हिशेब असायचा, तसा या पोरांच्या भांडणामागे फारसा नव्हता. हद्द राखायची, एवढंच. शनिवारी रात्री दोन वसाहतींमधल्या मोकळ्या जागेत किंवा पुलावर जमायचं आणि भिडायचं. पलीकडच्या भागातून पोहण्याच्या तलावावर किंवा कामावर जायचं तरी मुलगा दोनदा विचार करायचा. चाकू बाळगणारे कितीतरी जण तो भीतीपोटीच बाळगत होते.

अडचण नेमकी कुठे होती

ग्लासगोचा पोलीस कारभार तेव्हा स्ट्रॅथक्लाइड पोलिसांकडे होता. स्कॉटलंडच्या आठ पोलीस दलांतलं हे सर्वांत मोठं दल. त्याचे प्रमुख विली रे यांनी गुन्ह्यांच्या माहितीचं विश्लेषण करणाऱ्या कॅरिन मॅक्लुस्की यांना विचारलं, की हे खून कमी करायचे तर काय करावं लागेल. मॅक्लुस्की मूळच्या परिचारिका, नंतर मानसशास्त्राकडे वळलेल्या. त्यांच्या जोडीला आले जॉन कार्नोकन, ज्यांची नोकरी खुनांचा तपास करण्यात गेली होती.

कार्नोकन यांचं निरीक्षण साधं आणि अस्वस्थ करणारं होतं. तपासात पोलीस कमी पडत नव्हते. खुनी बहुतेक सापडत होते, खटले उभे राहत होते, शिक्षा होत होत्या. तरी पुढच्या वर्षी तेवढेच खून. ज्या यंत्रणेचं यश आरोपी पकडण्यावर मोजलं जातं, ती आपलं काम चोख करत असूनही मुलं मरत होती. एखाद्या अनुभवी तपास अधिकाऱ्याने हे स्वतःच्याच खात्यात उभं राहून मान्य करणं मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत धाडसाची गोष्ट वाटते.

दुसरी अडचण माहितीची. वेल्समधल्या कार्डिफमध्ये जोनाथन शेफर्ड नावाच्या जबड्याच्या सर्जननी आधीच दाखवून दिलं होतं, की मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्यांपैकी मोठ्या हिश्शाची पोलिसांकडे नोंदच नसते. ग्लासगोतही तेच. गाल कानापासून ओठापर्यंत चिरलेला मुलगा अपघात विभागात यायचा, टाके घालून घ्यायचा, ‘पडलो’ म्हणायचा आणि निघून जायचा. डॉक्टरांना ठाऊक असायचं, पोलिसांना नाही.

तिसरी अडचण म्हणजे विखुरलेलं काम. कार्यक्रम नव्हते असं नाही. नगरपालिकेचे युवक मेळावे होते, शाळांचे उपक्रम होते, समाजकल्याणचे कार्यकर्ते होते, तुरुंगातले अभ्यासक्रम होते, दारू सोडवणारी केंद्रं होती. एकाच मुलाची फाइल यातल्या चार-पाच ठिकाणी असायची, पण ती सगळी एकत्र ठेवून पाहणारं कुणी नव्हतं. शाळेने त्याला काढून टाकलं हे शाळेला माहीत, लहानपणी घरात मारहाण पाहिली हे समाजकल्याणला माहीत, दोनदा टाके पडले हे रुग्णालयाला माहीत. पोलिसांना तो कळायचा तेव्हा बहुधा उशीर झालेला असायचा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा: पोलीस वाढवा, झडत्या वाढवा, शिक्षा वाढवा. लोकांना तो पटकन पटतो, वर्तमानपत्रांत चांगला दिसतो. त्याचा काही उपयोगही होतो. पण जे दल आधीच बहुतेक खुनी पकडत होतं, त्याने आणखी जोर लावून पुढचा खून कसा टळणार, याचं उत्तर त्यात नव्हतं.

दुसरा म्हणजे कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण उभं करणं. याला वजन असतं, अधिकार असतात, अंदाजपत्रकात स्वतःची ओळ असते. पण कायदा, नेमणुका, जागा, खात्यांमधली हद्दीची भांडणं यात काही वर्षं सहज जातात. शिवाय नव्या प्राधिकरणाला पोलीस, डॉक्टर आणि शिक्षक आपलं मानतीलच असं नाही.

तिसरा पर्याय आरोग्य खात्याकडे नेतृत्व देण्याचा. त्याला वैचारिक आधार पक्का होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये हिंसाचार आणि आरोग्य यांवर जागतिक अहवाल काढला होता. साथीच्या रोगाकडे पाहतात तसं हिंसेकडे पाहा, असा त्याचा रोख. आधी मोजा, मग कारणं शोधा, उपाय छोट्या प्रमाणावर करून बघा, चालले ते वाढवा. मात्र खुनाच्या आकड्यांची जबाबदारी आरोग्य खात्यावर कधी आलेलीच नव्हती. ज्याला आकड्याचा जाब विचारला जात नाही, तो त्यासाठी आपलं अंदाजपत्रक वळवेल अशी आशा धरणं कठीण.

चौथा पर्याय निवडला गेला. पोलीस दलाच्या आतच एक लहान कक्ष, पण काम करण्याची रीत आरोग्याची. जानेवारी 2005 मध्ये स्ट्रॅथक्लाइड पोलिसांत ‘व्हायलन्स रिडक्शन युनिट’ सुरू झालं. कार्नोकन आणि मॅक्लुस्की त्याचे प्रमुख, एक गणवेशातला, एक नागरी. एप्रिल 2006 मध्ये स्कॉटलंडच्या सरकारने त्याची कक्षा देशभर वाढवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिंसा-प्रतिबंध आघाडीत सदस्य म्हणून सामील झालेलं हे पोलीस दलातलं एकमेव युनिट.

ही निवड मला योग्य वाटते, आणि तिची किंमतही दिसते. पोलिसांत बसल्यामुळे कक्षाला पहिल्या दिवसापासून माहिती, माणसं आणि दबदबा मिळाला. नगरपालिकेच्या बैठकीत वरिष्ठ पोलीस अधिकारीच उठून ‘आम्हाला आणखी शिपाई नकोत, लहान मुलांच्या घरी जाणाऱ्या परिचारिका वाढवा’ असं म्हणायचा, तेव्हा त्याला कुणी गुन्हेगारांबाबत मवाळ म्हणू शकत नव्हतं. कार्नोकन हे जाहीरपणे सांगत आले. हीच मागणी समाजकल्याणच्या अधिकाऱ्याने केली असती तर ती बैठकीच्या इतिवृत्तात जाऊन पडली असती. किंमत अशी, की ज्या मुलांपर्यंत पोचायचं ती पोलिसांचं नाव ऐकताच दार लावून घेत.

काय केलं गेलं

सुरुवात कडक बाजूने झाली, आणि हे बऱ्याच वर्णनांतून वगळलं जातं. 2006 च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगल्याबद्दलची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून चार वर्षांवर नेली. त्याच वर्षी देशभर चाकू जमा करण्याची मोहीम झाली आणि बारा हजारांहून जास्त हत्यारं पोलिसांकडे आली. कक्षाने हे सगळं उचलून धरलं. पुढे समजावणीची भाषा बोलताना त्याच्या पाठीशी ही बाजू होती.

मग 2008 मध्ये ग्लासगोच्या पूर्व भागात टोळ्यांसाठीचा उपक्रम सुरू झाला. त्याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या बॉस्टनची. तिथे 1990 च्या दशकात डेव्हिड केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोळीतल्या मुलांना थेट बोलावून बोलण्याची पद्धत बसवली होती. नंतर अमेरिकेतल्याच सिनसिनाटी शहराने ती घेतली, आणि तिथून ग्लासगोने.

ऑक्टोबर 2008 मध्ये ग्लासगोच्या शेरीफ न्यायालयात, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायालयात, पहिली सभा झाली. या एका सभेवर थोडं थांबायला हवं, कारण वेगवेगळी खाती एका खोलीत आणणं म्हणजे काय ते तिथे दिसतं. टोळ्यांतली मुलं न्यायालयाच्या दालनात बसलेली, आपापल्या टोळीप्रमाणे, मध्ये पोलीस. आरोपी म्हणून नाही, निमंत्रण देऊन आणलेली. समोर न्यायाधीश. पोलिसांनी सांगितलं की तुम्ही कोण, कुठे राहता, कुणाबरोबर फिरता, आम्हाला ठाऊक आहे. यापुढे एकाने मारामारी केली तर पूर्ण टोळीवर लक्ष ठेवलं जाईल. मग सर्जननी चिरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. मग एक आई उठली आणि आपल्या मुलावरच्या हल्ल्याबद्दल बोलली. पोलिसांपुढे मख्ख बसलेल्या मुलांचे चेहरे त्या वेळी पडले, असं तिथे हजर असलेल्यांनी नंतर सांगितलं आहे. पूर्वी टोळीत असलेला एक माणूस बोलला. शेवटी मुलांना एक फोन नंबर दिला गेला. मारामारी सोडायची असेल तर या नंबरावर फोन करा. शिक्षण, काम, दारूचा प्रश्न, राहायची जागा, जे लागेल त्याची व्यवस्था होईल.

तो नंबर खोटा ठरला असता तर सगळं नाटक झालं असतं. म्हणून खरं काम सभेच्या आधीचं होतं. नगरपालिका, समाजकल्याण, आरोग्य, रोजगार, स्वयंसेवी संस्था यांच्याकडून आधीच कबुली घेतलेली होती, की मुलाचा फोन आला तर त्याला रांगेत उभं करायचं नाही. मुलाला कोणत्या खात्यात जायचं हे ठरवण्याची गरज पडू नये, त्याच्या वतीने ते दुसऱ्या कुणी करावं. समन्वय म्हणतात तो प्रत्यक्षात एवढाच असतो, आणि एवढं करायला महिने लागतात.

त्याच वर्षी तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या ग्लासगोतल्या डॉक्टरांनी, क्रिस्टीन गुडॉल त्यांतल्या एक, ‘मेडिक्स अगेन्स्ट व्हायलन्स’ ही संस्था काढली. डॉक्टर शाळांत जाऊन जखमांबद्दल बोलू लागले. पुढे दंतवैद्य, केशकर्तनकार, पशुवैद्य यांनाही घरगुती अत्याचाराची चिन्हं ओळखून विचारपूस कशी करायची आणि बाईला मदतीपर्यंत कसं पोचवायचं, याचं प्रशिक्षण दिलं गेलं. पशुवैद्य का, असं वाटेल. घरातल्या कुत्र्याला लाथा बसतात तिथे बहुधा बायकामुलांनाही बसतात.

डिसेंबर 2015 मध्ये ग्लासगो रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयाच्या अपघात विभागात ‘नेव्हिगेटर’ आले. आठवड्याच्या शेवटी रात्री, गर्दी असते तेव्हा, गुलाबी शर्ट घातलेली ही माणसं जखमी मुलाच्या खाटेजवळ जाऊन बसतात. त्यांतल्या काहींचं स्वतःचं आयुष्य अशाच मारामाऱ्यांत आणि व्यसनांत गेलेलं असतं. ती ना पोलीस, ना डॉक्टर. त्या तासाला मुलगा घाबरलेला असतो, मित्र आजूबाजूला नसतात, आणि आता पुरे असं त्याच्या मनात कधी येणार असेल तर बहुधा तेव्हाच. मुलगा घरी गेल्यावरही नेव्हिगेटर काही आठवडे त्याच्या संपर्कात राहतात.

निकाल

2014-15 पर्यंत स्कॉटलंडमधल्या खुनांची संख्या साठच्या आसपास आली. 2022-23 मध्ये 52 खून झाले, 1976 पासूनच्या तुलना करता येण्याजोग्या नोंदींतला तोवरचा सर्वांत कमी आकडा. घट मुख्यतः तिथेच झाली जिथे व्हावी अशी इच्छा होती: पश्चिम पट्टा, तरुण मुलगे, रस्त्यावरचा चाकू.

पण याचं सगळं श्रेय कक्षाला देता येत नाही. इंग्लंडमध्येही 2003 नंतर बरीच वर्षं खून घटत होते. मुलांचं रस्त्यावर जमणं कमी झालं होतं. आणि पोलिसांच्या झडत्या प्रचंड वाढल्या होत्या. 2013 मध्ये आठही दलं मिळून एकच पोलीस स्कॉटलंड झालं, त्यानंतर लहान मुलांच्याही कायदेशीर आधाराविना, ‘संमतीने’ म्हणून झडत्या घेतल्या जात असल्याचं उघड झालं. त्यावर मोठा वाद झाला आणि 2017 मध्ये नवी आचारसंहिता आणावी लागली. एकीकडे मुलाला विश्वासात घ्यायचं आणि दुसरीकडे त्याच वसाहतीत त्याचे खिसे उलटे करायचे, ही विसंगती कक्ष पोलिसांत असल्यामुळे त्याच्याच गळ्यात पडली.

ग्लासगोच्या टोळी उपक्रमाचा जो अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, तोही नीट वाचायला हवा. सहभागी मुलांमध्ये हत्यार बाळगल्याचे गुन्हे 84 टक्क्यांनी घटले. तुलनेसाठी घेतलेल्या, उपक्रमात नसलेल्या मुलांमध्ये ही घट 40 टक्के होती. हा फरक मोठा आहे. मात्र प्रत्यक्ष मारहाणीचे गुन्हे दोन्ही गटांत घटले आणि तिथे ठाम म्हणता येईल असा फरक निघाला नाही. मुलं चाकू घरी ठेवू लागली, भांडणं लगेच संपली नाहीत. माझ्या मते हेही कमी नाही, कारण चाकूशिवायच्या भांडणात मुलगा नाक फोडून घेतो, पण घरी परत येतो.

निर्णयाचे क्षण आणि वेगळं काय करता आलं असतं

कक्ष टिकला याचं एक कारण राजकीय आहे. तो सुरू झाला तेव्हा स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिनबरामध्ये, लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट यांचं संयुक्त सरकार होतं. 2007 मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टी आली. नव्या सरकारला आधीच्यांची योजना म्हणून तो गुंडाळता आला असता. त्यांनी चालू ठेवला. हिंसा कमी होण्याला एक पिढी लागते असं मान्य करून, निवडणुकीच्या पलीकडे कुणी एक संस्था जगू दिली, याचं मोल मोठं आहे. पण ही सद्बुद्धी होती, सक्ती नव्हती. कक्ष वर्षावर्षाच्या सरकारी अनुदानावर चालला. टोळ्यांचा उपक्रम तर 2011 मध्ये बंद झाला, आणि त्याच्या चांगल्या गोष्टी नेहमीच्या खात्यांनी आपल्या कामात घ्याव्यात असं ठरलं. तिथे निदान पाच वर्षांचा निधी आधी बांधून घ्यायला हवा होता. सभेत दिलेला शब्द मुलं लक्षात ठेवतात. पुढच्या वर्षी त्याच नंबरावर कुणी फोन उचलला नाही, तर त्यांच्या लहान भावापर्यंत तो अनुभव पोचतो.

मोजमाप पहिल्या दिवसापासून कक्षाबाहेरच्या कुणाकडे द्यायला हवं होतं. रुग्णालयाची माहिती आणि पोलिसांची माहिती, नावं काढून, एकाच ठिकाणी दरमहा जमवण्याची पद्धत सुरुवातीलाच बसली असती, तर श्रेय कुणाचं हा वाद आज एवढा धूसर राहिला नसता.

आणि बायकांचं काय? सुरुवातीची सगळी ऊर्जा रस्त्यावरच्या मुलांवर गेली. खुनांचे आकडे बघता ते समजण्यासारखं आहे. पण रस्त्यावरचे खून घटत असताना पोलिसांकडे नोंदले जाणारे घरगुती अत्याचाराचे प्रसंग मात्र वर्षाला साठ हजारांच्या आसपास पोचले. नोंदवायला पुढे येणाऱ्या बायका वाढल्या हेही त्यामागे असेल. तरी ज्या मुलाने घरात बापाचा हात उठताना पाहिला तोच पुढे रस्त्यावर चाकू घेऊन उभा राहतो, हे कक्षाच्या स्वतःच्याच मांडणीत होतं. घराकडे आणि रस्त्याकडे एकाच वेळी जाता आलं असतं.

इथे महाराष्ट्राचा अनुभव पुढचा आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. मुंबई पोलीस आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी 1984 मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसते, पण पोलिसांच्या हुकमाखाली नसते. नंतर राज्य सरकारने तो इतर जिल्ह्यांत नेला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 मध्ये घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं, म्हणजे ग्लासगोच्या नेव्हिगेटरच्या पंधरा वर्षं आधी. पुढे ते महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेलं. त्यानंतर घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा आला, संरक्षण अधिकारी आले, सखी केंद्रं आली, भरोसा सेल आले. आता एकाच बाईसमोर गृह, आरोग्य, महिला व बालविकास आणि विधी सेवा अशी चार दारं आहेत, आणि कोणत्या दाराने आत जावं हे तिलाच ठरवावं लागतं. अनेक ठिकाणी संरक्षण अधिकाऱ्याकडे हे काम दुसऱ्या पदासोबत अतिरिक्त म्हणून असतं. कार्यक्रम आपल्याकडे स्कॉटलंडपेक्षा आधीपासून आहेत. जिल्ह्यातल्या हिंसेच्या एकूण आकड्याचा जाब ज्याला विचारता येईल असा अधिकारी नाही.

इंग्लंडने 2018 नंतर ग्लासगोची नक्कल केली. आधी लंडनच्या महापौरांनी, मग 2019 मध्ये गृहखात्याने 18 पोलीस क्षेत्रांत असेच कक्ष काढले. तीन वर्षांतच त्यांना कायद्याची गरज जाणवली. 2022 च्या कायद्याने पोलीस, स्थानिक प्रशासन, आरोग्य, अग्निशमन आणि प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणारी सेवा) यांच्यावर गंभीर हिंसा रोखण्यासाठी एकत्र बसण्याची आणि माहिती देण्याची जबाबदारी टाकली, आणि जानेवारी 2023 पासून ती लागू झाली. ग्लासगोत हे सगळं दोन हट्टी माणसांच्या ओळखीपाळखीवर आणि चिकाटीवर उभं राहिलं होतं. कार्नोकन 2013 मध्ये निवृत्त झाले, पुढे मॅक्लुस्कीही दुसऱ्या संस्थेत गेल्या. कक्षात नंतर आलेल्यांना प्रत्येक रुग्णालयाशी आणि प्रत्येक नगरपालिकेशी संबंध स्वतःच जपावे लागले. माहिती देणं बंधनकारक असतं, तर त्यांचा तो वेळ मुलांकडे जाता.